पाव, चावी आणि पगार

संत अंतोनीचा सण १३ जूनला येतो. लिस्बनमध्ये त्या दिवशी सुट्टी असते, आदल्या रात्री कोणी झोपत नाही, आणि सकाळी मिस्साला आलेल्या निम्म्या माणसांच्या कपड्यांना भाजलेल्या माशांचा वास येतो. या संताकडे तीन खाती आहेत: हरवलेल्या वस्तू, अडलेली लग्ने आणि घरातला पाव. वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यातल्या कॅथलिक घरांतही त्याचा सण होतो. चर्चमध्ये आशीर्वाद दिलेले छोटे पाव वाटतात, मंगळवारी नोव्हेना होते, आणि हरवलेली वस्तू सापडली की पुतळ्यापुढे मेणबत्ती लागते. अशा एखाद्या घरातली मंडळी कधीतरी हाच सण संताच्या जन्मघरी जाऊन करायचे ठरवतात. त्या सहलीचे टप्पे, नियम आणि अडचणी पुढीलप्रमाणे.

आधी संताची ओळख. मुळात त्याचे नाव अंतोनी नव्हते आणि तो पादुआचाही नव्हता. ११९५ च्या सुमारास लिस्बनमध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव फर्नांदो. तो आधी ऑगस्टिनियन मठात गेला. मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष १२२० मध्ये कोइंब्राला आले, ते पाहून तो फ्रान्सिस्कन झाला, नाव बदलले आणि स्वतःही मोरोक्कोला निघाला. तिथे पोचल्यावर आजारी पडला. परतीचे जहाज निघाले पोर्तुगालकडे आणि वादळाने नेऊन लावले सिसिलीला. अशा रीतीने हरवलेल्या वस्तूंचा हा संत स्वतः वाट चुकून इटलीत पोचला आणि तिथलाच झाला. १३ जून १२३१ रोजी तो पादुआजवळ वारला आणि वर्ष भरायच्या आत, ३० मे १२३२ ला, नवव्या ग्रेगरी पोपनी त्याला संत जाहीर केले. एवढ्या वेगाने फाईल पुढे सरकल्याची उदाहरणे चर्चच्या इतिहासात फार नाहीत.

तेव्हापासून सारे जग त्याला ‘पादुआचा अंतोनी’ म्हणते आणि लिस्बनकर ‘लिस्बनचा’ म्हणतात. लिस्बनमध्ये पादुआचे नाव काढणे म्हणजे कोल्हापुरात बसून तांबडा रस्सा मूळचा पुण्याचा असे म्हणण्यासारखे आहे. पादुआकडे मात्र देह आहे. १२६३ मध्ये थडगे उघडले तेव्हा न कुजता राहिलेली जीभ आहे, जबड्याचा अवशेषही आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात शस्त्रे घेतलेल्या चोरांनी तो जबडा बॅसिलिकातून पळवला. हरवलेल्या वस्तूंच्या संताचाच जबडा हरवल्यावर नवस कोणाला बोलायचा, हा धर्मशास्त्रातला अवघड पेच होता. डिसेंबरात अवशेष रोमच्या विमानतळाच्या बाजूला सापडला आणि पेच तसाच राहून गेला.

शोधखाते त्याच्याकडे आले तेही एका चोरीमुळेच. मठात नव्याने आलेल्या एका उमेदवाराने मठ सोडताना अंतोनीचे स्तोत्रांचे पुस्तक लांबवले. छपाई यायला अजून दोनशे वर्षे होती. पुस्तक हाताने लिहिलेले, समासात शिकवण्याची टिपणे. म्हणजे आजच्या भाषेत बॅकअप नसलेला लॅपटॉपच. अंतोनीने प्रार्थना केली आणि तो उमेदवार पुस्तकासह परत आला, अशी कथा आहे. पुढच्या आठ शतकांत या संताकडे जे अर्ज आले त्यांत स्तोत्रसंहिता क्वचितच असेल. चष्मे, डूल, रेशनकार्ड आणि चाव्या, असा तो पसारा.

‘चावी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईचे मालक झाले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. त्यांच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणून दाखवतात. शब्द मात्र कोणी नेले नाहीत, ते आपणहून राहिले: बटाटा, काजू, अननस, बादली, इस्त्री, लिलाव, नाताळ. त्यांतले तीन या संताच्या थेट कामाचे आहेत. चावी तो शोधून देतो. पाव त्याच्या नावाने वाटतात. आणि पगार त्याने स्वतः घेतला आहे. या तिसऱ्याचा खुलासा यथाकाल येईल.

घरातल्या संत अंतोनीला मिळणारी वागणूक हा स्वतंत्र विषय आहे. बाकी संतांपुढे माणसे गुडघे टेकतात. याच्याशी हुज्जत घालतात. पोर्तुगालपासून ब्राझीलपर्यंत रीत अशी, की लग्न जमत नसेल तर त्याचा पुतळा डोक्यावर उभा करावा, तोंड भिंतीकडे करावे, दोरी बांधून विहिरीत सोडावा, किंवा त्याच्या हातातला बालयेशू काढून घ्यावा आणि काम झाल्यावरच परत द्यावा. ही सरळसरळ खंडणी आहे. पण भक्तीच्या प्रांतात तिला तसे कोणी म्हणत नाही. लिस्बनला निघणाऱ्या आपल्या कुटुंबात चौतिशीतला एक काका असतोच. आयटीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि ‘सध्या विचार नाही’. त्याच्यापायी घरच्या संताने कपाटावर भिंतीकडे तोंड करून दोन वर्षे काढलेली असतात. सहलीचा खरा हेतू हा असतो. व्हिसाच्या अर्जात ‘पर्यटन’ लिहावे लागते, कारण ‘नवस फेडणे, तोही अजून न पावलेला’ असा पर्याय तिथे नसतो.

तारीख फारच गैरसोयीची आहे. जूनच्या मध्याला महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात, वसईत पाऊस लागलेला असतो आणि १ जूनपासून मासेमारी बंद असल्याने घरात सुके बोंबील चालू झालेले असतात. लिस्बनमध्ये याच सुमारास आकाश निरभ्र असते आणि माशांचा हंगाम सुरू होतो. मुले शाळा बुडणार म्हणून खूश, मोठी माणसे मासे मिळणार म्हणून. आजीच्या बॅगेत मात्र तिचे स्वतःचे सामान असते: लुगड्यात गुंडाळलेली बाटली मसाल्याची बाटली, मे महिन्याच्या उन्हात वाळवून कांडलेला ताजा मसाला, रोझरी, आणि गेल्या वर्षीचा, घरच्या चर्चमधून आणलेला संत अंतोनीचा पाव, जो आता पेपरवेट म्हणून चालला असता.

लिस्बनच्या जुन्या वस्तीत पोचायला २८ नंबरची पिवळी लाकडी ट्राम आहे. ती चढावर कण्हत जाते, वळणावर किंचाळते आणि घरांच्या भिंतींना इतकी घासून जाते की खिडकीतून हात काढला तर कोणाच्या तरी दारावर टकटक होईल. ही ट्राम संत अंतोनीच्या चर्चसमोरून जाते आणि पाकीटमारांसाठी जगप्रसिद्ध आहे. हरवलेल्या वस्तूंच्या संताकडे जाताना वाटेतच वस्तू हरवण्याची अशी सोय दुसऱ्या तीर्थक्षेत्री नसावी. आजीने पासपोर्ट झंपरच्या आत पिशवीत घालून तीन सेफ्टी पिना लावलेल्या असतात. लोकल ट्रेनमध्ये चाळीस वर्षे काढलेल्या बाईपुढे युरोपातल्या पाकीटमारांचा टिकाव लागत नाही. पाकीट जाते ते काकाचे, किंवा गेल्यासारखे वाटते आणि हॉटेलवर उशीखाली सापडते. श्रेय दोन्ही वेळा संतालाच जाते.

ट्राम थांबते तिथे आधी दिसते लिस्बनचे कॅथीड्रल. दोन बुरूज, जाड भिंती, वर कंगोरे. बाराव्या शतकातल्या या इमारतीकडे पाहून चर्च बांधले की किल्ला असा प्रश्न पडतो. आत अंतोनीचा बाप्तिस्मा झाला ते कुंड दाखवतात. पण १२ जूनला दुपारी तिथे पाहुण्याला सहज शिरकाव मिळत नाही, कारण दारात नवऱ्या उतरत असतात. एक नव्हे, रांगेने. ‘संत अंतोनीच्या नवऱ्या’ हा लिस्बनचा सामुदायिक विवाह सोहळा. १९५८ मध्ये ‘दियारिओ पोपुलार’ या दैनिकाच्या आश्रयाने तो सुरू झाला, १९७४ मध्ये बंद पडला आणि १९९७ पासून महापालिकेने पुन्हा चालू केला. सोळा जोडपी निवडतात, काहींचे लग्न महापालिकेच्या सभागृहात लागते आणि बाकीच्यांचे इथे, कॅथीड्रलमध्ये. पोशाख, अंगठ्या, जेवणावळ सगळे पुरस्कर्त्यांकडून, आणि सोहळा टीव्हीवर.

महाराष्ट्रातल्या माणसाला यातले काही नवे वाटत नाही. “आपल्याकडं कपाट, गादी आणि मिक्सर देतात,” आजी नोंदवते. “आणि आमदाराचं भाषण.” इथे भाषणाचा भाग तुलनेने लहान असतो, एवढाच फरक. काका या प्रसंगी मोबाईलमध्ये पाहत उभा असतो आणि सगळे कुटुंब काकाकडे पाहत असते.

संत अंतोनीचे चर्च कॅथीड्रलच्या शेजारी, उतारावर. किल्ल्याएवढ्या थोरल्या भावाच्या मांडीला लागून बसलेल्या धाकट्यासारखे. आत गेल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘एवढंच?’ अशी होते, कारण वसईकडच्या माणसाला रविवारी पटांगणापर्यंत गर्दी सांडणाऱ्या चर्चची सवय असते. संगमरवर आहे, सोनेरी नक्षी आहे, सगळे नीटस आहे. पण माणसे इथे वरचे चर्च पाहायला येत नाहीत. बाजूच्या अरुंद पायऱ्या उतरून तळघरात गेले की अंतोनीचा जन्म झाला ती जागा लागते. पोप दुसरे जॉन पॉल १९८२ च्या मे महिन्यात इथे येऊन गेले, त्याचे चित्र पायऱ्यांजवळच्या टाइल्सवर आहे. भाविक गप्प उभे राहतात, कोणी कागदावर मागणे लिहून ठेवतो. आजीही हात जोडून डोळे मिटते. डोळे उघडल्यावर मात्र तिच्यातली तीन बाळंतपणे केलेली बाई जागी होते. “ही बाळंतिणीची खोली?” ती कुजबुजते. “हवा कुठून येत असेल गं?”

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला माणसे चर्चमध्ये असतानाच, लिस्बनचा भूकंप झाला. आधीचे चर्च कोसळले, तळघर तेवढे राहिले. माटेउस व्हिसेंते या वास्तुशिल्पीच्या आराखड्याने १७६७ पासून नवे चर्च उभे राहिले. त्यासाठी शहरातल्या पोरांनी रस्त्यावर पैसे मागितले, अशी आठवण लिस्बन सांगते. ही पोरे दारात, पायरीवर, खोक्यांची उतरंड रचत. तिला कागद, फुले, मेणबत्त्या लावून वर संताची बाहुली बसवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संतासाठी एखादे नाणे मागत. या उतरंडीला ‘सिंहासन’ म्हणतात आणि जूनमध्ये अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत ती आजही दिसतात. चर्च बांधून अडीचशे वर्षे झाली तरी नाणे मागणे थांबलेले नाही. वर्गणी एकदा सुरू झाली की ज्या कामासाठी ती सुरू झाली ते संपले म्हणून थांबत नाही, हे गणेशोत्सवाच्या देशातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वसईची मुले त्या सिंहासनांपाशी बराच वेळ रेंगाळतात. नाताळचा गोठा रचताना खोकी कशी दडवायची, रेती कुठून आणायची, यात ती मुरलेली असतात. त्यामुळे त्यांची टीका तांत्रिक असते. “आजी, बघ ना, खालच्या पायरीचा सेलोटेप दिसतोय.”

चर्चसमोरच्या चौकात संताचा पुतळा आहे आणि त्याच्या हातात उघडे पुस्तक. अविवाहिताने पाठीमागे किंवा पुढे, जसे जमेल तसे, नाणे उडवावे; ते पुस्तकावर टिकले तर लग्न जवळ आले. पुस्तक तिरपे आहे. शिल्पकाराने हे मुद्दाम केले की नकळत, हा प्रश्न चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक आईला पडतो. काकाला पुढे ढकलले जाते. पहिले नाणे संताच्या खांद्याला लागून परत येते. दुसरे एका जर्मन पर्यटकाच्या टोपीत जाते. मग कुटुंबात तंत्राची चर्चा सुरू होते: हळू टाक, अंडरआर्म टाक, स्पिन देऊ नकोस. गल्ली क्रिकेटमध्ये काका विकेटकीपर असायचा, ही जुनी माहिती या वेळी उपयोगी पडत नाही. शेवटी आजी पिशवीतून दहा रुपयांचे नाणे काढते. युरोपातल्या नाण्यावर संत ऐकत नसेल, आपले ओळखीचे नाणे बघून ऐकेल, असा तिचा अंदाज. ते नाणे पुस्तकाच्या घडीत जाऊन बसते. फक्त ते फेकलेले असते आजीने. याचा अर्थ कसा लावायचा यावर कुटुंबात एकमत होत नाही, आणि आजी विधवा असल्याने विषय घाईने बदलला जातो.

लिस्बनचा अधिकृत रक्षक संत हा अंतोनी नव्हेच, हेही इथेच कळते. ते पद संत व्हिसेंतेकडे आहे. शहराच्या मुद्रेवर दिसणारे जहाज आणि दोन कावळे त्याचे. त्याचा सण २२ जानेवारीला येतो आणि शहर कामावर जाते. नेमणूक एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, ही व्यवस्था जगभर सारखीच चालते.

१२ जूनची संध्याकाळ हा सणाचा गाभा आहे आणि तिच्यात मोठी अडचण सूर्याची. वसईत दिवेलागणीला रोझरी होते. लिस्बनमध्ये जूनमध्ये रात्री नऊ वाजताही उजेड असतो. आजी सात वाजल्यापासून माळ हातात घेऊन अंधाराची वाट पाहत बसते. नातवंडे समजावतात, आजी, इथं अंधार उशिरा पडतो. आणि रोझरी अखेर उजेडातच उरकली जाते. तोवर खालच्या गल्लीतून धूर वर यायला लागलेला असतो.

अल्फामा म्हणजे टेकडीच्या उतारावर ओतलेली चाळ. घरे एकमेकांना टेकलेली, वर दोऱ्यांवर पताका आणि त्याच दोऱ्यांच्या शेजारी वाळत घातलेले कपडे. प्रत्येक दारात कोळशाची शेगडी. ज्यांचे एरवी दुकान नाही त्या बायकाही या रात्री उंबरठ्यावर टेबल टाकून आंबट चेरीची घरगुती दारू इवल्याशा पेल्यांतून विकतात. आजी ती चाखते, खोकल्याच्या औषधाची आठवण काढते आणि आणखी एक मागते. स्पीकरवर वाजणाऱ्या गाण्यांना पिंबा म्हणतात. चाल सोपी, शब्द दोन अर्थांचे. भाषा येत नसल्याने कुटुंब निरागसपणे टाळ्या वाजवते. दादा कोंडक्यांची गाणी कळणाऱ्या पिढीला, आजूबाजूच्या हशावरून, काय चालले असेल ते उमगते आणि ती पिढी मुलांना पुढच्या गल्लीत नेते. खाली मोठ्या हमरस्त्यावर वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुकी निघतात, कमानी, कंदील, एकसारखे पोशाख घालून. ही स्पर्धा १९३२ पासूनची आहे आणि निकालावरून वस्त्यांत वर्षभर अबोला राहू शकतो.

शेगडीवर असतात सार्डिन. म्हणजे आपल्या तारलीची युरोपातली मावसबहीण. अंतोनीची एक प्रसिद्ध कथा माशांचीच आहे: रिमिनी गावात माणसे ऐकेनात तेव्हा त्याने माशांना उपदेश केला आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून शेवटपर्यंत ऐकत राहिले. ज्यांनी ऐकले त्यांना त्याच्या सणाला शेगडीवर घालायचे आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांनी खायचे, हा न्याय कसा, हे लिस्बनमध्ये कोणी विचारत नाही.

तारली भाजण्याची लिस्बनची रीत वसईच्या स्वयंपाकघराला हादरा देणारी आहे. मासा खवले न काढता, पोट न फाडता, आख्खाच्या आख्खा, वर जाडे मीठ फेकून कोळशावर ठेवतात. हळद नाही, कोकम नाही, तिखट नाही. “पोट साफ नाही केलं?” आजी शेगडीवाल्याला मराठीत विचारते. शेगडीवाला पोर्तुगीजमध्ये काहीतरी गोड उत्तर देतो. मासा पावाच्या जाड कापेवर येतो. थाळी नाही, काटा-चमचा नाही. इथे आजीचे पांडित्य कामाला येते. ती कातडी बोटाने मागे सारते, त्याबरोबर खवले आपोआप जातात. वरची बाजू उचलून खाते, शेपूट धरून कणा एका झटक्यात उपसते, पोटातला भाग कण्याबरोबर अलगद बाजूला राहतो, मग खालची बाजू. शेजारचा लिस्बनकर तिच्याकडे आदराने पाहतो. तीन-चार मासे त्याच कापेवर खाऊन झाले की पाव चरबीने आणि मिठाने तुडुंब भिजलेला असतो. तो शेवटी खायचा. खरे पाहता सगळा सण त्या शेवटच्या कापेसाठीच असतो आणि ती टाकून देणारे पर्यटक पाहून वाईट वाटते.

दुसऱ्या खेपेला आजी बाटली काढते. चिमूटभर मसाला माशावर, आणि सौजन्य म्हणून चिमूटभर शेजाऱ्याच्या माशावर. मिरची हिंदुस्थानात पोर्तुगीजांनी आणली. ती अशी साडेचारशे-पाचशे वर्षांनी, वीस-पंचवीस जिन्नस सोबत घेऊन माहेरी येते, तेव्हा माहेरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. तो आधी लाल होतो, मग हसतो, मग बियर मागवतो, मग बाटलीकडे बोट दाखवतो.

रात्रीचे दुसरे आकर्षण म्हणजे मांजेरिको. छोट्या कुंडीतले, बारीक पानांचे, चेंडूसारखे गोल कातरलेले झुडूप. वर कागदी फूल आणि प्रेमाच्या चार ओळींची चिठ्ठी. प्रियकराने प्रेयसीला द्यायचे. मराठी माणूस पाहताक्षणी ओरडतो, “तुळस!” आणि फारसा चुकत नाही; हे तुळशीच्याच कुळातले. मात्र नियम कडक आहे. मांजेरिकोला नाक लावायचे नाही, ते कोमेजते म्हणतात. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. आजी सवयीने वाकून कुंडीत नाक घालते आणि विकणारी बाई किंचाळते. दोन संस्कृतींत एवढा एकच खटका उडतो. आजीच्या मते रोपाला हात लावू नये, नाक चालेल. तिकडे रोपाला नाक लावू नये, हात चालेल. शेवटी काका दोन्ही बाजूंची माफी मागून कुंडी विकत घेतो. ती कोणाला द्यायची हा प्रश्न असतोच, आणि रोप मायदेशी न्यायला परवाना लागतो. कुंडी जिथे उतरले त्या घराच्या मालकिणीला दिली जाते. मालकीण साठीची असते आणि लाजते.

१३ तारखेला चर्चच्या दाराशी पाव मिळतो. मुठीत मावेल एवढा, कागदाच्या पिशवीत. तो खायचा नाही. वर्षभर घरात, धान्यात किंवा फडताळात ठेवायचा, म्हणजे घरात पाव कमी पडत नाही, ही लिस्बनच्या घरांची रीत. आजी हे ऐकून प्रसन्न होते, कारण तिच्याही घरी तेच चालते आणि सूनबाई त्याला जुनाट समजत आली आहे. पिशवीतून ती गेल्या वर्षीचा वसईचा पाव काढून रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईला दाखवते. ती बाई आपल्या पर्समधून तसाच एक दगड काढते. भाषेवाचून दोघींचे पाच मिनिटे बोलणे होते.

संध्याकाळी चर्चमधून मिरवणूक निघते आणि अल्फामाच्या गल्ल्यांतून फिरते. वाटेत त्या-त्या चर्चचे संत खांद्यांवर बसून सामील होतात. पालख्यांच्या भेटी पाहिलेल्या माणसाला इथे कोणी समजावणारा लागत नाही. बँड असतो, गणवेशातली माणसे असतात, आणि इथे तिसऱ्या शब्दाचा खुलासा करणे प्राप्त आहे. १६६८ मध्ये, स्पेनशी चाललेले युद्ध संपत आले असता, संत अंतोनीचे नाव दक्षिण पोर्तुगालमधल्या लागोशच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून रीतसर दाखल झाले. तेव्हा त्याला वारून चारशे सदतीस वर्षे झाली होती. वय आणि प्रकृती हे मुद्दे भरतीच्या वेळी निघाले नाहीत. १६८३ मध्ये त्याला कप्तानपदी बढती मिळाली. पगार चालू होता. तो अर्थातच चर्चच्या खर्चाला जाई. पण हजेरीपटावर नाव होते आणि रजा एकही नव्हती.

गोव्यातही तेच. जुन्या गोव्यातल्या संत अंतोनीच्या चॅपेलमधला पुतळा सैन्यात कप्तान होता आणि वर्षातून एकदा त्याला मिरवत खजिन्यापर्यंत नेऊन पगार घेतला जाई, असे सांगतात. एका गव्हर्नराने काटकसरीपायी तो बंद केला, लगेच स्वतः पडून जायबंदी झाला आणि पगार पुन्हा सुरू झाला, असेही सांगतात. ही हकीकत ऐकल्यावर काकाच्या मनात संताविषयी पहिल्यांदाच आपुलकी निर्माण होते. ज्याला मेल्यावरही कामावर हजर राहावे लागते आणि कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उभे करते, तो माणूस त्याला ओळखीचा वाटतो.

परतीचा प्रवास साधा आहे. हरवते ती घराची चावी, मुंबईच्या विमानतळावर टॅक्सीत बसल्यावर. सगळ्या बॅगा रस्त्याच्या कडेला उघडल्या जातात, पावसात. आजी प्रार्थना म्हणते, सूनबाई टॅक्सीवाल्याला थांबायला सांगते, मुले जागी होतात. चावी मसाल्याच्या रिकाम्या बाटलीभोवतीच्या लुगड्यात सापडते. तिथे ती कोणी ठेवली हे विचारू नये, असा घरात जुना नियम आहे.

राहतो प्रश्न पावाचा. लिस्बनची हवा कोरडी. तिथे पाव वर्षभर नुसता ठेवला तरी दगड होतो. वसईत जूनच्या पावसात त्याच पावाला चार दिवसांत बुरशी येईल. म्हणून आजी घरी पोचल्या दिवशीच तवा मंद आचेवर ठेवते, पाव त्याच्यावर उलटून-पालटून तासभर शेकते, खारी बटरसारखा खणखणीत करते, कागदात गुंडाळते आणि तांदळाच्या डब्यात मधोमध पुरते. कपाटावरचा संत वळवून पुन्हा खोलीकडे तोंड करून ठेवते, तात्पुरता. डब्यातल्या तांदळाला सूनबाईने मे महिन्यातच बोरिक पावडर लावलेली असते. पुढच्या जूनपर्यंत पावाला एकही पोरकिडा लागत नाही. आजी याचे श्रेय संताला देते, आणि सूनबाई काही बोलत नाही.